दुसरी शिकरा

सरांनी पहिल्याच दिवशी मला पर्स टेबलावर उलटी करायला लावली. मी कामावर रुजू होऊन तासही झाला नव्हता. लिपस्टिक, घराच्या चाव्या, फुटाण्यांची पुडी आणि आईने सकाळी निघताना कोंबलेला अंगारा, सगळं त्या टेबलावर पसरलं. सरांनी अंगाऱ्याची पुडी उघडली, वास घेतला, परत घडी घातली आणि म्हणाले, "ठीक आहे. फोन बाहेरच्या कपाटात ठेव आणि आत जा."

मी मुलुंडची. आमच्या घरात कुणी कुणाच्या पर्सला हात लावत नाही. ही नोकरी काही माझ्याच्याने व्हायची नाही, असं मी त्या संध्याकाळी आईला सांगून टाकलं. नंतर मात्र तिथे बरीच वर्षं काढली.

स्टुडिओ चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता, बाटल्यांचं युनिट आणि छापखाना यांच्या मधल्या गाळ्यात. तिथे आम्ही गाड्या बनवायचो, पण चालणाऱ्या नव्हे. एखाद्या कंपनीला नवी गाडी काढायची असली की तिचा आकार आधी क्लेमध्ये, खऱ्या मापात घडवून बघतात. ही क्ले मेणासारखी, तपकिरी. भट्टीत तापवली की मऊ, गार झाली की घट्ट. फोमच्या सांगाड्यावर तिचा थर चढवायचा आणि स्टीलच्या पट्ट्यांनी तासत तासत गाडीचं अंग काढायचं. माझं काम मोजणीचं. लेझरचा स्कॅनर मॉडेलवरून फिरवायचा आणि क्लेमधली गाडी कॉम्प्युटरवरच्या गाडीशी जुळते का ते बघायचं. जुळलं तिथे पडद्यावर हिरवा रंग यायचा. क्ले जास्त असेल तिथे लाल, कमी असेल तिथे निळा.

सर आमचे डिझाइन हेड. साठी कधीच उलटलेली, उंच, किडकिडीत. घर जवळच, चारकोपच्याच एका सेक्टरमध्ये. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. बोलणं इथलंच, पण आतून हलले की मालवणी बाहेर पडायची. आणि संशय हा त्यांचा स्वभाव होता, काहींचा हसरा असतो ना, तसा. किटलीतला पहिला चहा ते कधी घेत नसत. आधी कुणीतरी पिऊन दाखवायचं. एखाद्या कामाला "छान झालंय सर" म्हटलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय हवंय तुला?" संध्याकाळी मॉडेलवर चादर घातली की तिच्या गाठी ते स्वतः मारत, काही डाव्या, काही उजव्या, आणि सकाळी आल्या आल्या त्या तपासत. वॉचमन बदलला तर नव्या वॉचमनचं गाव, आधीची नोकरी, ती का सोडली, हे सगळं विचारून झाल्याशिवाय ते कामाला लागत नसत.

त्यांचा संशय माणसांपुरता नव्हता. वस्तूंवरही होता. एकदा चहाबरोबर बिस्किटं आणली होती, तर त्यांनी एक हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केलं. म्हणाले, ही मंडळी गेली कित्येक वर्षं बिस्किट बारीक करत आणतायत. पुडा तोच, चित्र तेच, चव तीच. एकदम अर्धं केलं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं. रोज पापुद्र्याएवढं कमी केलं तर लोक म्हणतात, हल्ली पोट लवकर रिकामं होतं.

मिशीचा किस्सा ते स्वतःच सांगत. तरुणपणी त्यांना जाडजूड मिशी होती. मग एकदा त्यांच्या मनात आलं, बघू या. दर रविवारी एवढी एवढी कापत गेले. महिने गेले, वर्ष गेलं, आणि एक दिवस मिशी उरलीच नाही. घरात कुणी काही बोललं नाही. पुष्कळ दिवसांनी बायको जेवताना एवढंच म्हणाली, "तुमचा चेहरा हल्ली उघडा उघडा वाटतो." त्यावरही सरांना संशय होताच, की तिला आधीपासून ठाऊक होतं आणि ती मजा बघत होती.

संध्याकाळी कधी कधी ते लिंक रोडच्या फुटपाथवर उभे राहून जाणाऱ्या गाड्या बघत. फक्त पाठमोऱ्या. समोरून सगळ्याच गाड्या हसतात, असं त्यांचं म्हणणं. गाडी कशी आहे ते ती निघून जाताना कळतं.

अशा माणसाकडे शिकराचं काम आलं.

शिकरा ही एका लहानशा कारखान्याने फार पूर्वी काढलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. बुटकी, लांब नाकाची, मागच्या चाकावर शिकारी पक्ष्यासारखा खांदा उचललेली. फार थोड्या बनल्या. पण माझे बाबा गाड्यांतलं काही कळत नसताना सांगायचे की घाटकोपरला एका डॉक्टरकडे होती आणि शाळेतून येताना ते वाट वाकडी करून ती बघायला जात. मग कारखान्याने एकदम नवी, वेगळीच शिकरा काढली. पाचरीसारखी, सरळसोट कडांची. ती कुणी घेतली नाही, आणि लवकरच कारखाना बंद पडला. आमच्याकडे तिचं नाव निघालं की सर फक्त "ती दुसरी" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

आता त्या कारखानदारांची नात, गार्गी, शिकरा परत आणायची म्हणत होती, बॅटरीवर चालणारी. तिच्या मनात दोन वाटा होत्या. एक, जुन्या शिकराचं रूप थोडंसंच पुढे न्यायचं. दुसरी, सगळं विसरून कोऱ्या कागदावर सुरुवात करायची. दोन्ही मॉडेलं तिला शेजारी शेजारी बघायची होती. पहिलं सरांकडे आलं, दुसरं निखिलकडे. निखिल बोरिवलीचा, माझ्याच वयाचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरता न येणारा. आमच्या मालकांनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की कंपन्या आता सगळं पडद्यावरच करून घेतात, क्लेचं काम आटत चाललंय, आणि हे कंत्राट पुढे सरकलं नाही तर गाळा विकावा लागेल. त्यामुळे गाडी कुणाचीही निवडली गेली तरी चालणार होतं, पण एक तरी निवडली जायलाच हवी होती.

गार्गीने मापं घ्यायला घरातली जुनी शिकरा ट्रेलरवरून पाठवली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. सर लांबून एक फेरी मारून चहाला बाहेर गेले. गाडीची डिकी काही केल्या उघडेना. बरोबर आलेला मेकॅनिक इकडे तिकडे चाचपत होता. सर परत येता येता, न थांबता म्हणाले, "नंबर प्लेटच्या मागे बोट घाल." डिकी उघडली. ही गाडी आपण आधी कधी जवळून पाहिली आहे, असं सर आजवर बोलले नव्हते. मी निखिलकडे बघितलं, निखिलने माझ्याकडे. सरांना विचारायची सोय नव्हती.

पुढे वादाला सुरुवात झाली. जेवताना, चहाला, भट्टीपाशी, जिथे तिथे. निखिलचं म्हणणं, इंजिनच नाही तर लांब नाक कशाला? ते खोटं नाक झालं. ज्यांनी शिकरा पाहिली ते आता गुडघ्यांना पट्टे बांधून बसलेत, एवढ्या खाली गाडीत उतरणार कोण आणि वर येणार कोण? जुन्या गाडीला आदर द्यायचा तर तिने जे केलं ते करा. ती आली तेव्हा तिच्यासारखं काहीच नव्हतं.

सर ऐकून घेत. मग म्हणत, लोक गाडीवर प्रेम करत नाहीत, गाडीच्या आठवणीवर करतात. आणि आठवणीतली गाडी खऱ्या गाडीहून थोडी बुटकी, थोडी रुंद झालेली असते. म्हणून जुनी जशीच्या तशी काढलीत तर लोक म्हणतील ही ती नव्हे, आणि अगदी नवी काढलीत तरी तेच म्हणतील. आठवण जेवढी बदलली तेवढंच गाडीने बदलायचं. त्यापुढे बोटभरही नाही.

"आणि ज्यांना आठवणच नाही त्यांचं काय, सर?" निखिलने एकदा विचारलं.

"त्यांना दुसऱ्या गाड्या आहेत."

मला दोघांचंही पटायचं. मी दोन्ही मॉडेलं मोजत होते, त्यामुळे माझ्यावर दोघांचाही संशय होता. निखिलला वाटायचं मी त्याची मापं सरांना सांगते. सर तर मला सरळ विचारत, "त्याने काय शिकवून पाठवलंय आज?"

निखिलच्या मॉडेलवर काम असं चालायचं. आठवडाभर मॉडेलर क्ले तासायचे, निखिल हाताने थोडं इकडे तिकडे करायचा, शनिवारी मी स्कॅन करायचे. कुठे किंचित फरक निघाला तर तो बघून म्हणायचा, बरं दिसतंय, राहू दे, कॉम्प्युटरवरची गाडी तशी करून घे. मी करून घ्यायचे. असं आठवड्यामागून आठवडे चाललं.

एकदा सहज, दाखवण्यासाठी काही चित्रं काढायची म्हणून, मी त्या आठवड्याच्या स्कॅनखाली गेल्या आठवड्याच्या ऐवजी अगदी पहिलं डिझाइन ठेवलं. पुढचा भाग हिरवा आला. मागचा लालभडक. मागच्या चाकावर निखिलने ताणलेली सपाट, काचेसारखी कूस काढली होती. तिथे क्ले फुगत फुगत वर आली होती. मला वाटलं मशीन बिघडलं. मग वाटलं उन्हाळ्याने क्ले सुटली असेल. मग, का कोण जाणे, मी त्याच्याखाली जुन्या शिकराची मापं ठेवून पाहिली. मागचा सगळा खांदा हिरवा झाला.

मी पडदा बंद केला आणि कुणी बघितलं नाही ना ते वळून पाहिलं.

कुणाला बोलणार? आधी मला निखिलवरच शंका आली, की समोर जुनी गाडी उभी आहे, हात नकळत तिकडे जात असेल. मग मॉडेलरांवर आली. त्यातला एक सरांच्या गावचा होता. घरी आई म्हणाली, तू हल्ली बोलतेस ते अर्धंच बोलतेस. सकाळी लवकर येऊन मी चादरीच्या गाठी बघायला लागले. डाव्या किती, उजव्या कुठे. आपण सरांसारखं वागतोय हे लक्षात आलं तेव्हा मला कसंतरीच झालं, पण बघायचं काही थांबलं नाही.

गाठी रोज जशाच्या तशा असायच्या. म्हणजे जे काय होत होतं ते दिवसा होत होतं. आणि दिवसा गाळ्यात सगळे असायचे. फक्त दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या खानावळीत जायचो, तेव्हा नसायचे. सर येत नसत. खानावळीच्या तेलावर त्यांचा विश्वास नव्हता. शटर अर्धं खाली ओढून ते आत डबा खात.

एक दिवस मी माझा चष्मा मुद्दाम टेबलावर ठेवून गेले आणि जेवण अर्ध्यावर सोडून परत आले.

शटरखालून वाकून आत शिरले. डबा न उघडलेला, शेजारी भट्टीतून काढलेला मऊ क्लेचा गोळा. सर बाह्या सरसावून निखिलच्या गाडीपाशी गुडघ्यावर बसले होते. डोळे मिटलेले. डावा तळहात गाडीच्या खांद्यावरून, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा फिरत होता आणि मागोमाग उजव्या हातातली पट्टी. जमिनीवर पडलेली क्लेची पुटं कांद्याच्या सालीहून पातळ होती.

"चष्मा टेबलावर आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "मुद्दाम ठेवलास ना?"

मी म्हटलं, "सर, ही निखिलची गाडी आहे."

"ठाऊक आहे मला."

"एवढे दिवस तुम्ही हे करताय?"

"रोज केसाएवढं." त्यांनी डोळे उघडले. "त्याला कळलं नाही, मॉडेलरना कळलं नाही. तुला मशीनने सांगितलं म्हणून कळलं."

मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना की हळूहळू बदलणं हाच खरा मार्ग, आणि हे असं चोरून.

ते उठले. उठताना त्यांना गाडीला हात टेकावा लागला. "खरा म्हणालो होतो," ते म्हणाले. "प्रामाणिक आहे असं कधी म्हणालो नाही."

मी निखिलला सांगणार, असं मी म्हणाले. सांग, ते म्हणाले. फक्त आधी त्याला विचार, मागचा भाग कसा वाटतो. मग ते हात धुऊन डबा उघडून बसले.

संध्याकाळी मी निखिलला इस्टेटच्या फाटकापाशी गाठलं आणि विचारलं. तो बरेच दिवस कुणीतरी विचारायची वाट बघत असावा. म्हणाला, "खरं सांगू? मागचा भाग आता जमलाय. आधी गाडी झकास होती, पण नुसती वस्तू वाटायची. हल्ली वाटतं, कुणीतरी आहे ती."

मग मी त्याला आत नेऊन पडद्यावर त्याची गाडी आणि जुनी शिकरा एकमेकींवर ठेवून दाखवल्या, आणि दुपारी पाहिलेलं सगळं सांगितलं. तो खुर्चीत न बसता उभ्यानेच बघत राहिला. चिडेल, सरांच्या घरी जाईल, मालकांना फोन लावेल, असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. कुणाला बोलू नकोस, एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मालकांना न सांगण्यात त्याचा काय हिशेब होता ते मला तेव्हा कळलं नाही. सरांची नोकरी वाचवायची होती, की आपल्याच गाडीवर आपली नजर फसली हे लपवायचं होतं? आजही मी खात्रीने सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर मागचा खांदा खरवडून काढला. क्लेची मोठमोठी ढेकळं पडत होती. मॉडेलर गोंधळून बघत होते. सर आपल्या मॉडेलपाशी स्टुलावर बसून सगळं पाहत राहिले. दुपारी त्यांनी निखिलला चहा पाठवला. निखिलने तो तसाच ठेवला, साय धरेपर्यंत.

दाखवण्याच्या दिवशी गार्गी आली ती आजोबांना घेऊन. ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. फार थकलेले होते, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल. पण नजर साफ होती. त्यांना बघून सर भट्टीच्या बाजूला सरकले आणि तिथेच उभे राहिले. मालकांनी दोनदा पुढे बोलावलं तरी आले नाहीत.

चादरी काढल्या. आजोबांनी आधी सरांची गाडी बघितली. खुर्ची गाडीच्या मागच्या बाजूने फिरवायला सांगितली. बराच वेळ बघून म्हणाले, ही घरी आल्यासारखी वाटते. मग निखिलच्या गाडीपाशी गेले. सपाट कूस, आखूड नाक, बसण्याची जागा पुढे ओढलेली. तिच्याकडे बघता बघता त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. मान वळवून खोलीत कुणाला तरी शोधू लागले.

"तो उंच माणूस कोण? भट्टीपाशी?" त्यांनी विचारलं.

मालकांनी सांगितलं, आमचे डिझाइन हेड.

"इकडे ये रे," आजोबा म्हणाले. सर आले. आजोबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "तूच ना तो? मिशी होती तुला. दुसरी शिकरा तुझी."

सरांनी होकारार्थी मान हलवली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सर कॉलेजातून निघाल्या निघाल्या त्या कारखान्यात लागले होते. पहिली शिकरा ज्यांनी काढली त्यांच्या हाताखाली. ते गेल्यावर नव्या गाडीचं काम या पोराकडे आलं, आणि त्याने जुन्यातलं काही म्हणजे काही ठेवलं नाही. गाडी पडली. कारखाना गेला. सरांनी गावच्या किती जणांना तिथे चिकटवलं होतं, सख्ख्या मामालाही. मामाने नंतर घरी येणं बंद केलं. हे एवढं त्यांनी आमच्यापासून आणि मालकांपासूनही लपवून ठेवलं होतं.

सर आजोबांना म्हणाले, "तुमचा कारखाना माझ्यामुळे गेला."

"असं कोण म्हणालं तुला?"

"कुणी म्हणायला कशाला हवं?"

आजोबांना धाप लागत होती. गार्गी त्यांना थांबवायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "पहिलीही खपत नव्हती रे. शेडमध्ये धूळ खात उभ्या होत्या. लोक बघायला यायचे, घ्यायला कुणी येत नव्हतं. शेवटचा डाव म्हणून तुला सांगितलं, हवं ते कर. तुला खरं सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता. म्हणून सांगितलं नाही."

"आणि कामगार?"

"ते माझ्यामुळे गेले. तुझ्यामुळे नाही."

सर शटरखालून बाहेर गेले.

कुणी जावं ते कळेना, म्हणून मी गेले. ते फाटकापाशी चहाच्या टपरीवर उभे होते, हातात ग्लास धरून. मी शेजारी उभी राहिले. म्हणाले, म्हातारा आता थकलाय, अशा वयात माणूस सगळ्यांना माफ करत सुटतो. हे खरं कशावरून? मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुका काय वाटता?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला काय वाटतं ते कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, खोटं बोलून त्यांना काय मिळणार?"

"ताच सोधतंय," ते म्हणाले आणि ग्लास रिकामा केला.

गार्गीने निखिलची गाडी निवडली. सरांची गाडी तिला फार आवडली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण म्हणाली, ही आजोबांची आहे, मला माझी हवी. मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निखिलशी सगळ्यांनी हात मिळवले. सर तेव्हा आपल्या मॉडेलवर चादर घालत होते. एका साध्या गाठीने काम भागवलं त्यांनी.

पुढे चार दिवस ते आलेच नाहीत. आता येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो. निखिल दिवसभर आपल्या गाडीभोवती फिरायचा आणि मागच्या चाकापाशी येऊन थांबायचा. मॉडेलरना काहीतरी सांगायचा, मग नको म्हणायचा. गाडी निवडली गेली होती, पण मागून ती नुसती वस्तू होती, हे आता त्यालाच दिसत होतं.

मग एक दिवस सकाळी सर आले. सरळ निखिलकडे गेले. सगळे बघत होते.

"हात लावू काय रे?" त्यांनी विचारलं.

निखिलच्या मनात काय काय आलं असेल ते मला दिसत होतं. ती पुटं, तो पडदा, सगळ्यांसमोर खरवडलेला खांदा. शेवटी म्हणाला, "लावा. पण जुनी काढायची नाही. माझी काढायची."

"तुझीच," सर म्हणाले. "कशी हवी ते तोंडाने सांग. माझ्यावर सोडू नको."

त्यानंतर महिनोन्‌महिने ते दोघे त्या खांद्यावर भांडत होते. निखिल सांगायचा, सर तासायचे, निखिल नाही म्हणायचा, सर परत भरायचे. चहा एका किटलीतला, पण पहिला कप अजूनही दुसऱ्याच कुणाला. आणि रोज संध्याकाळी निखिल मला मॉडेल स्कॅन करायला लावायचा. शनिवारी नव्हे, रोज. ठरल्यापेक्षा केसाएवढंही कुठे वाढलंय का ते बघायला. मला सुरुवातीला सरांसमोर तो स्कॅनर काढायला लाज वाटायची. वाटायचं, या वयात या माणसावर आपण पहारा ठेवतोय.

एकदा उशीर झाला होता, आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून मी तशीच निघाले. सरांनी मला दारात अडवलं.

"मोजलं नाहीस आज."

मी म्हटलं, सर, राहू दे की एक दिवस.

"नाही," ते म्हणाले. "मी काय करून ठेवलंय ते बघून मग जा. माझा काही भरवसा नाही."

मी पर्स खाली ठेवली आणि स्कॅनर काढला. सर स्टुलावर बसून बघत होते. पडद्यावर गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार आली. ते बघून त्यांनी मान हलवली आणि चप्पल घालायला गेले. मी मशीन बंद केलं. मग ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मी थांबले, मशीन पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा एकदा मोजलं.